मागं काय होतं ते द्या

नीलांबरी इंगवलेच्या कोलाजमधली माणसं परत यायला लागली ती नेमकी संकष्टीच्या दिवशी. आईचा उपास, साबुदाणा भिजवलेला तोही एकाच माणसापुरता, आणि दारात पैलवान. कमरेला लंगोट, खांद्यावर गदा, छाती पुढं काढलेली, आणि जाडी म्हणाल तर लग्नपत्रिकेएवढी. बेल दाबायला बोटात जोर नव्हता, म्हणून तो दाराच्या फटीतून आत यायला गेला होता आणि गदेपाशी अडकला होता.

"ओढा की जरा," तो म्हणाला. "पर बेतानं. डाव्या कोपराला तुमची खळ नीट लागल्याली न्हाई."

नीलांबरीनं त्याला ओळखलं. आपणच कापलेला माणूस कोण विसरेल? बऱ्याच वर्षांपूर्वी तिनं त्याला जत्रेतल्या कुस्तीच्या फोटोतून कापून खणाच्या तुकड्यांवर आणि बसच्या तिकिटांवर उभा केला होता, आणि तेव्हापासून तो पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंच्या दिवाणखान्यात सुखानं टांगलेला होता. निदान तिचा तसा समज होता. ती घाबरली नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ती वैतागली. तिच्या पंचवीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. ज्यांनी ज्यांनी कोलाजं विकत घेतली होती त्यांच्याकडून ती उसनी मागवली होती, कॅटलॉग छापून झाला होता, आणि अशा वेळी चित्रातला माणूस उठून घरी येतो म्हणजे काय!

"तुमचं इथं काय काम आहे?" तिनं विचारलं.

"माझ्या मागं काय होतं ते द्या," पैलवान म्हणाला. "दिलं की जातो."

आतून आईनं मान बाहेर काढली. कोल्हापुरातल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच राहत. आईनं अठ्ठ्याहत्तरी गाठली होती, पण दारात कोण आलं हे बघायची हौस तसूभर कमी झाली नव्हती.

"कोण आलंय गं?"

"माझ्या चित्रातलं माणूस."

"मग आत घे की. दारात काय उभं केलंयस? चहा घेणार काय ओ?"

"घेतला असता," पैलवान म्हणाला. "पर भिजलो की वाकडा वाळतो मी. पंखा तेवढा बंद करा."

नीलांबरीचं काम असं होतं. बंद पडणाऱ्या फोटो स्टुडिओंतून आणि रद्दीच्या दुकानांतून ती जुने फोटो पोत्यानं आणायची. त्यातला माणूस हेरायची आणि धारदार पात्यानं कडेकडेनं कापून काढायची. मग मैद्याची खळ, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, आणि त्या माणसाला नवी जागा: साडीचे काठ, टिकल्यांची पाकिटं, जुनी पंचांगं, गंजलेला पत्रा. उरलेला फोटो, मधोमध माणसाच्या आकाराचं भोक पडलेला, परत रद्दीत. मुलाखतीत कुणी विचारलं तर ती सांगायची, "पार्श्वभूमी म्हणजे नुसती गर्दी. मला माणूस हवा असतो." लोक टाळ्या वाजवायचे.

एक खोड तर तिची ओळखच होऊन बसली होती. जुन्या फोटोंत कुणाचा ना कुणाचा हात कुणाच्या तरी खांद्यावर असतोच. नीलांबरी माणूस कापताना तो हातही मनगटापर्यंत सोबत घ्यायची. त्यामुळं तिच्या चित्रांतल्या माणसांच्या खांद्यांवर हात असत आणि हातांचे धनी कुठंच नसत. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं भरली. तिचं म्हणाल तर, परक्या बोटांच्या फटींतून पातं फिरवत बसण्यापेक्षा मनगटावर एक आडवा काप देणं सोपं पडतं, एवढीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी दोन बहिणी आल्या. त्या कोपराशी जोडलेल्या होत्या, कारण नीलांबरीनं त्यांना एकत्रच कापलं होतं. एकीला टीव्ही बघायचा होता, दुसरीला देवघराकडं तोंड करून उभं राहायचं होतं. दोघी तासभर दारातच भांडल्या. मग मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आला, त्याच्या दंडावर नवरीचा हिरव्या चुड्याचा हात आणि नवरीचा पत्ता नाही. मग आणखी आले. फोटोत उभा असलेला माणूस बसू शकत नाही, म्हणून सगळे भिंतींना टेकून राहिले. दमट हवेनं त्यांच्या कडा वळायला लागल्या की आई त्यांना आळीपाळीनं गादीखाली सारायची, इस्त्री मोडलेली पँट सारावी तसं, आणि वर स्वतः आडवी व्हायची.

"पाव्हणे म्हणून सोसायचं तरी किती," आई म्हणायची. "एकाला खायचं नाही, प्यायचं नाही, आणि जायचं नाव नाही."

प्रदर्शन मांडणारे निरंजन सबनीस यांचा फोन आला. सबनीसांचा आवाज कायम हळू असायचा, आजूबाजूला कुणीतरी झोपलंय असा.

"मॅडम, कामं पोचली. पण त्यांत माणसं नाहीयेत."

"माहीत आहे. ती इथं आहेत."

"हं," सबनीस म्हणाले. "अनुपस्थिती तशी सुंदर आहे. मला व्यक्तिशः आवडली. पण कॅटलॉग छापून झालाय ना."

"मग?"

"मग कॅटलॉगबरहुकूम पाहिजे. बोर्ड तुमच्याकडं पाठवतो, उद्घाटनाआधी भरून द्या. आणि कव्हरवरची बाई तरी नक्की पाहिजे. तिच्याशिवाय दार उघडता यायचं नाही."

कव्हरवरची बाईही आली होती. दोन्ही हात पुढं जुळवून ती कोपऱ्यात चपलांच्या रॅकपाशी उभी होती आणि अजून कुणाशी अवाक्षर बोललेली नव्हती.

नीलांबरीनं आधी सरळ उपाय करून पाहिला. पैलवानाला बोर्डावर निजवला, खळ लावली, वर जाडजूड पुस्तकं ठेवली. खळ वाळली, पुस्तकं उचलली, आणि पैलवान उठून अंग झाडत भिंतीकडं गेला. "मागं काही न्हाई," तो म्हणाला. "पाठ लागंना." मग ती रद्दीवाल्याकडं गेली. इतक्या वर्षांच्या भोकं पडलेल्या फोटोंचं काय झालं, म्हणून विचारलं.

"ताई, त्याचा पुठ्ठा होऊन किती वर्षं झाली," रद्दीवाला म्हणाला. "दिवाळीला तुमच्याच घरात आलेल्या मिठाईच्या खोक्यात असंल तो."

ती रागानं पाय आपटत घरी आली, तर बहिणी भिंतीवरच्या एका फोटोसमोर उभ्या होत्या. पेपरात छापून आलेला, आईनं हौसेनं फ्रेम केलेला फोटो: नीलांबरी इंगवले आपल्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, हातात चहाचं पातेलं.

"हे आमच्या मागं न्हवतं," थोरली म्हणाली. "पर चालंल."

नीलांबरीला इतका कंटाळा आला होता की तिनं विचारच केला नाही. फ्रेम खोलली, फोटोतून स्वतःला कापून बाजूला ठेवलं आणि उरलेलं स्वयंपाकघर बोर्डावर चिकटवलं. बहिणी त्यावर आडव्या झाल्या, आणि अशा काही बसल्या की नखानं उकलायला गेलं तरी कड सापडेना. नीलांबरीनं सुस्कारा सोडला.

"नीले," आई म्हणाली, "गॅसवर दूध होतं."

स्वयंपाकघराच्या चौकटीपलीकडं पांढरं होतं. काळोख नव्हता, खड्डा नव्हता. चित्रामागं लावतात तो माउंटबोर्ड असतो तसं कोरं पांढरं. आईनं आत पाऊल टाकलं, तर पाऊल फिरून अलीकडंच आलं. तिनं आणखी एकदा टाकून बघितलं. मग ती चित्राकडं गेली आणि बहिणींच्या मधोमध नाक लावून हुंगू लागली.

"करपलं," ती म्हणाली. "लिटरभर होतं."

पुढच्या वेळी नीलांबरीला सगळं ठाऊक होतं आणि तरी तिनं पातं उचललं. आता तिला दोष देणं सोपं आहे. पण पंचवीस वर्षं एखादं काम करावं, मुंबई-दिल्लीच्या लोकांनी आपल्या नावाचा उच्चार एकदाचा नीट शिकावा, आणि कोऱ्या बोर्डांची रांग मांडून "हेच माझं काम" असं सांगायची पाळी यावी, हे कुणालाही सोसवणारं नाही. तिनं नवरदेवाला बाल्कनी दिली. बाल्कनीसोबत वाळत घातलेले कपडेही गेले, त्यात आईचं ठेवणीतलं इरकल होतं. पैलवानाला तिनं कला महाविद्यालयाच्या पायऱ्या दिल्या, मित्रमैत्रिणींसह. त्या दिवशी दुपारी तिच्या वर्गातल्या कुंदाचा फोन आला. "नीलांबरी इंगवलेच ना?" कुंदा म्हणाली, आणि मग, "माफ करा हं, मी फोन कशाला लावला तेच कळेना." नीलांबरीलाही कळेना. कुंदा कोण, हे तिला फोन ठेवल्यावर कितीतरी वेळानं आठवलं, आणि आठवलं तेही फक्त नाव.

एकेक माणूस जागेवर बसत गेला आणि फ्लॅट कमी होत गेला. झोपायची खोली गेली, कारण तिथं वाढदिवसाचा फोटो काढलेला होता. जिना गेला, तेव्हापासून खाली उतरायचं म्हणजे डोळे मिटून पांढऱ्यात पाय टाकायचा आणि रस्ता पायाला लागेपर्यंत वाट बघायची. मोरीत कुणी कधी फोटो काढत नाही, म्हणून मोरी तेवढी वाचली. मायलेकी सोफ्यावर बसून कोपऱ्यावरनं आणलेली मिसळ खायच्या.

"घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात," आई म्हणाली. "इथं घोडाच घर खाऊन बसला."

टीपॉयवर कापलेल्या नीलांबऱ्यांचा गठ्ठा साचत चालला होता. पातेलं धरलेली, केक कापणारी, पायरीवर हसणारी. कुणाच्याच मागं काही नव्हतं. आणि एका दुपारी उकडतंय म्हणून आईनं पंखा लावला, तर नीलांबरी सोफ्यावरून उचलली जाऊन भिंतीला जाऊन चिकटली.

"पंखा बंद कर," ती म्हणाली. बोलल्यावर हे वाक्य आपण आधी कुणाच्या तोंडून ऐकलंय ते तिला आठवलं, आणि तिला मनापासून भीती वाटली. पहिल्यांदाच.

उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं तेव्हा घरात शेवटची पाहुणी उरली होती, ती कव्हरवरची बाई. नीलांबरी तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला काय हवं ते एकदा सांगून टाका."

"माझं नाव शालन," बाई म्हणाली. "तुम्ही मला जोडफोटोतनं कापलंय."

जोडफोटो म्हणजे काय हे नीलांबरीला सांगायला नको होतं. नवराबायकोचा एकत्र फोटो काढायचा राहून जायचा आणि दोघांतलं एक जायचं. मग मागं राहिलेला माणूस दोघांचे निरनिराळे फोटो घेऊन स्टुडिओत यायचा. स्टुडिओवाला दोघांना कापायचा, शेजारी शेजारी चिकटवायचा, कडांवरून ब्रश फिरवायचा आणि त्याचा परत फोटो काढायचा. भिंतीवर लावायला जोडी तयार.

"मी गेल्यावर मालकांनी करून घेतला," शालन म्हणाली. "माझा निराळा फोटो कुठला असायला? नणंदेच्या लग्नात सगळ्यांचा काढलेला, त्यातनं घेतला. त्यात माझ्या मागं माझी आई हुबी हुती. स्टुडिओवाल्यानं ती टाकली. मग तुम्ही मालक टाकलं. मला जागा नको. जागेचं काय करू? माझ्या मागं कुणीतरी हुबं पायजे."

नीलांबरीकडं स्वतःचा एकच फोटो शिल्लक होता. ती पाच-सहा वर्षांची, झालरीचा फ्रॉक, उन्हानं डोळे बारीक केलेले, रंकाळ्याच्या काठावर. तळ्याकाठी फिरणाऱ्या फोटोग्राफरनं काढलेला. मागं आई उभी आहे, तरणीताठी, आणि तिचा उजवा हात लेकीच्या खांद्यावर आहे. प्रेमानं ठेवलेला वगैरे नाही. पोरगी सारखी हलत होती, म्हणून आईनं खांदा दाबून धरला होता आणि कानाशी म्हटलं होतं, "हलू नकोस." तो दाब नीलांबरीला अजून आठवत होता. बाकी पुष्कळ गेलं होतं, पण हे होतं.

तिनं तो फोटो आईसमोर धरला. नाही म्हटलं तर कव्हरवर बाई आणि भिंतीवर कोरा बोर्ड, पंचवीस वर्षांचं हसं. हो म्हटलं तर काय, ते तिला उच्चारवत नव्हतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "देऊ का?"

आईनं मिसळीचा वाडगा खाली ठेवला.

"इचारतीस काय? आजवर कुणाला इचारून कापलंस?"

नीलांबरी रडायला लागली. पण कागदाच्या कडा भिजतील म्हणून तिला ते लगेच आवरावं लागलं, आणि त्याचाही तिला संताप आला.

"मी नाही देत," ती म्हणाली. "गेलं खड्ड्यात प्रदर्शन."

"आणि राहणार कुठं? मोरीत?" आई म्हणाली. "ती बाई बघ किती दिवस हुभी हाय. तिला आई नको व्हय? काप. मला बसून बसून पाठीला रग लागलीय, जरा हुभी राहीन म्हणते. फक्त हात सांभाळ. माझा हात माझ्याकडं राहू दे. उजवा हाय, लागतो."

नीलांबरीनं पात्याला नवी धार लावली. बोटांच्या फटींतून कापायचं, हे तिनं स्वतःला बजावलं. फ्रॉकच्या घेरापासून सुरुवात केली. गुडघे, कोपर, झालर, मग मान, कान, डोक्यावरची रिबन, आणि पलीकडून खाली खांद्याकडं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते पडू द्यायचं नव्हतं, सगळं लक्ष त्यात. खांदा आला. पातं कुणाला विचारायला थांबलं नाही. पंचवीस वर्षं ते या वळणावर जिथं वळत आलं होतं तिथंच वळलं, आणि मनगटावर एक आडवा काप देऊन पुढं गेलं.

"अगं!" आई सोफ्यावरून म्हणाली.

नीलांबरीनं वर पाहिलं तेव्हा सोफ्यावर मिसळीचा वाडगा होता.

शालनला चिकटवताना काही अडचण आली नाही. रंकाळ्याचं पाणी मागं, त्याच्या पुढं आई, आईच्या पुढं शालन. "आता बरं वाटतंय," शालन म्हणाली, आणि खळ वाळता वाळता, अगदी शेवटी, तिचा चेहरा जरा बदलला. "पर हात कुठाय त्यांचा?" एवढं बोलून ती बसली. कड सापडेना.

हात नीलांबरीच्या खांद्यावर होता. तिनं तो काढायचा प्रयत्न केला, तर खांदा सोलवटायला लागला. शेवटी तिनं वरून ओढणी घेतली आणि चित्र काखेत धरून पांढऱ्यात पाय टाकला.

उद्घाटनाला तोबा गर्दी झाली. समई पेटली, भाषणं झाली, ती लांबली. एकेका चित्रात कॅटलॉगबरहुकूम माणूस होता. बहिणींपाशी लोक थबकत, आणि करपल्याचा वास कुठून येतोय म्हणून इकडंतिकडं बघत. पैलवान डोळे मिटून, पायऱ्यांना पाठ लावून निवांत उभा होता. नीलांबरीला मात्र उभं राहवत नव्हतं. दालनातला एसी सुरू झाला की ती हेलपाटायची, आणि सबनीस बोलता बोलता तिला दोन बोटांत धरून परत भिंतीला टेकवायचे.

"मॅडम, काय केलंत हे!" कव्हरवरच्या बाईच्या चित्रापुढं ते हळूच म्हणाले. "मागची ती स्त्री. आणि हातच नाही. किती बोलतं हे."

"बोलायचं नव्हतं त्यानं," नीलांबरी म्हणाली. "चुकलंय ते. हात द्यायचाय मला तिचा. दोन मिनिटं सगळ्यांना बाहेर काढा, मी खळ आणलीय."

"आता नको. आता हे पूर्ण आहे."

"अहो, ती माझी आई आहे."

"तेही लिहू ना खाली," सबनीस म्हणाले, आणि पेपरवाल्यांच्या फोटोग्राफरला त्यांनी खूण केली.

फोटोग्राफर पुढं आला. त्यानं नीलांबरीला चित्रापुढं उभं केलं, चित्राकडं पाठ करून. ओढणी चांगली दिसत नाही म्हणाला. ओढणी कुणीतरी काढून घेतली, आणि खांद्यावरचा हात बघून गर्दीतून कौतुकाचा आवाज उठला. तिच्या डाव्याउजव्या बाजूची माणसं आपणहून सरकली. तिच्या मागं आता चित्र होतं आणि चित्रात आई होती, हातभर अंतरावर.

"नीले," मागून आईचा आवाज आला. वैतागलेला. "आधी माझा हात दे."

नीलांबरी वळणार होती.

"मॅडम," फोटोग्राफर एक डोळा मिटून म्हणाला, "हलू नका."

खांद्यावरच्या हातानं खांदा दाबून धरला.